बॉल कशाचा आणि लायनर कशाचा?

हिच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून खर्चाच्या अंदाजाचा कागद मिळाला. त्यावर तीन रकाने होते: 'इंडियन', 'इम्पोर्टेड' आणि 'प्रीमियम इम्पोर्टेड'. प्रत्येकाखाली रुपयांचा आकडा. धातू कुठला, प्लास्टिक कुठलं, सिरॅमिक आहे की नाही, कंपनी कोण, मॉडेल कोणतं, यातलं एक अक्षरही नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "प्रीमियम घ्या काका, ते जास्त टिकतं." कशामुळे टिकतं हे तिलाही कोणी सांगितलेलं नसणार, तिचा दोष नाही. पण ज्या वस्तूवर माझी बायको पुढची वीस-पंचवीस वर्षं चालणार, ती रकान्याच्या नावावरून निवडायला मी तयार नव्हतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या सर्जनची अपॉइंटमेंट घेतली.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. टर्नर म्हणून लागलो आणि इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालो. मायक्रोमीटर, डायल गेज, सरफेस फिनिश यांतच आयुष्य गेलं. त्या कामाने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली: झीज एकट्या भागाची नसते, जोडीची असते. शाफ्ट कितीही चांगला असो, तो ज्यात फिरतो तो बुश कशाचा आहे ते कळल्याशिवाय तो किती चालेल हे कोणी सांगू शकत नाही. खुब्याचंही अगदी तेच आहे. हे लिहायचं कारण असं की हिचं ऑपरेशन झाल्यापासून ओळखीतले लोक फोन करून विचारतात, "तुम्ही कुठलं टाकलंत?" त्यांना एक नाव हवं असतं. एका नावाने हा प्रश्न सुटत नाही.

आधी भाग समजून घ्या. मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा, म्हणजे स्टेम. त्याच्या वरच्या टोकावर बसणारा बॉल. कमरेच्या हाडातल्या वाटीत बसणारा धातूचा कप. आणि कपच्या आत लायनर. बॉल फिरतो तो लायनरमध्ये, घासाघीस होते ती तिथे. स्टेम आणि कप यांचं काम मात्र अजिबात न हलण्याचं, हाडाला धरून राहण्याचं. एकाच खुब्यात दोन वेगळी कामं आहेत, म्हणून मटेरियलही दोन वेगळ्या कसोट्यांवर निवडावं लागतं.

"टायटॅनियमचं टाकलंय" असं लोक अभिमानाने सांगतात तेव्हा ते अर्धंच सांगत असतात. टायटॅनियम हाडाला धरायला उत्तम. त्याच्या खरखरीत, सच्छिद्र पृष्ठभागात हाड वाढतं आणि घट्ट होतं. कोबाल्ट-क्रोम या कठीण मिश्रधातूच्या तुलनेत त्याचा ताठरपणा जवळजवळ निम्मा, त्यामुळे भार हाडापर्यंत पोचतो. सगळा भार दांड्यानेच उचलला तर आजूबाजूचं हाड विरळ होत जातं. पण घासायला टायटॅनियम वाईट. त्यावर चरे पडतात, म्हणून त्याचा उघडा बॉल आता वापरत नाहीत.

घासणाऱ्या जोडीचा इतिहास वाचताना मी दोन रात्री जागलो, आणि त्यातला एक माणूस माझ्या मनात घर करून राहिला. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्न्ली नावाचे सर्जन होते. आजचा कृत्रिम खुबा त्यांच्याच कामातून आला. स्टीलचा छोटा बॉल आणि प्लास्टिकची वाटी ही कल्पना त्यांची. बॉलचा व्यास २२.२२५ मिलिमीटर. हा आकडा वाचल्याबरोबर मी हिला म्हणालो, "अगं, हा पाऊण आणि एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंच!" टूलरूमच्या माणसाला असे आकडे तोंडपाठ असतात. वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं, कारण ते सगळ्यांत निसरडं. सुमारे तीनशे रुग्णांना ते बसलं, आणि दोन-तीन वर्षांत वाट्या भराभर झिजल्या. झिजलेल्या भुकटीने आतल्या मांसाची आग झाली, गाठी झाल्या, आणि चार्न्लींना स्वतःच बसवलेले खुबे परत काढावे लागले.

त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ होता. १९६२ मध्ये एक विक्रेता त्याच्याकडे एक नवं प्लास्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या मागांचे गिअर त्यापासून करत असत. चार्न्लींनी तुकडा नखाने दाबून पाहिला आणि झिडकारला. क्रेव्हनने तरीही, चार्न्ली बाहेरगावी असताना, तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, आणि झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही नव्हती. ते प्लास्टिक म्हणजे उच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. चार्न्लींनी पुढे दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनची गाठ आली, पॉलिइथिलीनचं काही जाणवलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिइथिलीनची वाटी रुग्णांना बसवायला सुरुवात झाली.

माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. लँकेशायरचे साचे हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. त्या साच्यांच्या गिअरसाठी आलेलं प्लास्टिक, आणि साहेब नको म्हणाले तरी मोजून पाहणारा एक टेक्निशियन, यांच्यामुळे आज लाखो माणसं चालतायत. मला हे फार मोठं वाटतं.

पॉलिइथिलीनच्याही अडचणी होत्या. जुन्या प्रकारात बॉल वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर आत रुतत जायचा. ऐकायला हे काहीच नाही. पण खुबा मोजायच्या यंत्रावर दहा लाख आवर्तनं म्हणजे माणसाचं साधारण एक वर्षाचं चालणं धरतात, आणि दर पावलाला अतिसूक्ष्म कण सुटत असतात. शरीरातल्या पेशी ते कण गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्या झगड्यात आजूबाजूचं हाड विरघळायला लागतं. दहा-पंधरा वर्षांनी कप सैल होतो. म्हणजे प्लास्टिक फाटतं म्हणून खुबा निकामी होत नाही, बऱ्याचदा त्या भुकटीने हाड खाल्लं म्हणून होतो. पूर्वी हे लायनर हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्यामुळे ठेवल्या ठेवल्या त्यांचं ऑक्सिडेशन होऊन ते ठिसूळही व्हायचे.

मग १९९० च्या दशकाच्या शेवटी त्याच गॅमा किरणांचा जास्त मारा करून, नंतर उष्णता देऊन, प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या गेल्या. याला हायली क्रॉसलिंक्ड पॉली म्हणतात. काही प्रकारांत ई जीवनसत्त्वही घालतात, ऑक्सिडेशन थांबवायला. झीज कितीतरी कमी झाली, मिलिमीटरच्या काही शतांशांवर आली. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत खुब्याच्या मटेरियलमध्ये झालेली सगळ्यांत कामाची सुधारणा हीच आहे, आणि काउंटरवरच्या त्या कागदावर तिचा उल्लेखच नव्हता. प्लास्टिक म्हटलं की लोकांना ते हलकं वाटतं. "प्लास्टिक नको, पूर्ण मेटलचं टाका," असं म्हणणारे नातेवाईक आमच्याकडेही होते.

पूर्ण मेटलचं काय झालं ते मुंबईत तरी विसरता कामा नये. धातूचा बॉल आणि धातूचाच कप, झीज कमी, मोठा बॉल, तरुण माणसांना सोयीचं, असं सांगून हे खुबे विकले गेले. डेप्यू कंपनीचा एएसआर हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. कप अर्ध्या गोलापेक्षा उथळ, बॉल आणि कपमधली मोकळी जागा, म्हणजे क्लिअरन्स, कमी. कप जरा तिरका बसला तरी बॉलचा भार कडेवर यायचा आणि कोबाल्ट-क्रोमचे कण रक्तात उतरायचे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार दिली, पुढे केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली, आणि २०१८ मध्ये ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं. मला सगळ्यांत लागलं ते दुसरंच. समितीच्या मते तीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. त्यांच्या अंगात काय बसवलंय हे कदाचित त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते खुबेही त्या वेळी नवे आणि भारीच समजले जात होते.

आता सिरॅमिक. आमच्या सर्जनच्या केबिनमध्ये नमुन्याचा बॉल होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. फिकट गुलाबी, जवळजवळ जांभळट. हा नव्या प्रकारचा, बायोलॉक्स डेल्टा. त्यात ॲल्युमिना सुमारे ऐंशी टक्के, बाकी मुख्यतः झिर्कोनिया, आणि गुलाबी रंग येतो क्रोमियम ऑक्साइडमुळे. चष्मा वर करून मी तो खिडकीच्या उजेडात फिरवला. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब एका अखंड रेषेत, कुठेही हलत नाही, तुटत नाही. अशी फिनिश मी आमच्याकडे फक्त मापं तपासायच्या गेज ब्लॉकवर पाहिली होती. उलटा केला तर आत शंकूसारखं भोक. हा टेपर. स्टेमच्या टोकालाही तसाच टेपर असतो, आणि बॉल त्यावर ठोकून बसवतात. स्क्रू नाही, गोंद नाही. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल ज्या मोर्स टेपरवर धरून राहतं, तोच सिद्धांत. मी विचारलं, "डॉक्टर, बसवण्याआधी टेपर पुसता ना?" ते हसले. म्हणाले, "काका, रक्ताचा थेंब नाही, चरबी नाही, पूर्ण कोरडा करूनच. तुम्ही टूलरूमवाले का?" तिथून पुढे आमचं बोलणं सोपं झालं.

त्या टेपरवरही मटेरियलचा प्रश्न असतोच. टायटॅनियमच्या स्टेमवर कोबाल्ट-क्रोमचा बॉल बसवला, की दोन वेगळे धातू, भोवती खारट द्रव, आणि दर पावलाला मायक्रॉनभर हालचाल. काही रुग्णांमध्ये तिथे गंज धरतो आणि कोबाल्ट बाहेर पडतो. सिरॅमिकचा बॉल असेल तर हा धोका बराच कमी होतो. शिवाय सिरॅमिक इतकं कठीण की सिमेंटचा (काही खुबे हाडात घट्ट बसवायला ते वापरतात) वा हाडाचा कण मध्ये आला तरी त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. धातूच्या बॉलवर उठतो, आणि मग तो ओरखडा प्लास्टिकला कानशीप्रमाणे घासत राहतो.

मग लायनरही सिरॅमिकचाच का नको? हे मीही विचारलं. सिरॅमिकवर सिरॅमिक ही झिजेच्या दृष्टीने सगळ्यांत सरस जोडी. फ्रान्समध्ये १९७० पासून ती वापरात आहे. पण ती चूक माफ करत नाही. लायनर कपमध्ये किंचित वाकडा बसला तर कडेचा टवका उडू शकतो. काहींच्या खुब्यातून चालताना किरकिर आवाज येतो. आणि क्वचित फुटलंच, तर काचेसारखे बारीक तुकडे आत पसरतात. ते कितीही साफ केले तरी त्यानंतर धातूचा बॉल घालता येत नाही, तुकडे त्याला खाऊन टाकतात. नव्या सिरॅमिकचे बॉल फुटण्याचं प्रमाण फारच कमी आहे, हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. पस्तीस-चाळिशीतल्या रुग्णाला ते ही जोडी आवर्जून सुचवतात. अशी तरुण माणसं त्यांच्याकडे पुष्कळ येतात. कोविडमध्ये स्टेरॉइड घ्यावं लागलेल्यांच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवल्या होत्या. ज्याला अजून चाळीस वर्षं चालायचंय त्याचा हिशेब वेगळा. ही अठ्ठावन्न वर्षांची.

हिचा खुबा लहानपणापासूनच उथळ. वाटी नीट घडलेली नाही, गोळा कडेवर घासत राहिला आणि पन्नाशीनंतर दुखणं सहन होईना. भांडुप स्टेशनचा जिना चढताना दर पायरीला एकच पाय पुढे. रात्री कूस बदलताना दात आवळायची, पण हाक मारायची नाही. हिची चण बारीक, त्यात वाटी उथळ. म्हणजे कप लहानच बसणार. मोठा बॉल निखळायला कठीण, म्हणून माझं मन ३६ मिलिमीटरकडे होतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: ४८ चा कप, त्यात ३६ चा बॉल घातला तर लायनरची भिंत किती पातळ होते बघा. ३२ घेतला की भिंत जाड राहते. भिंतीची जाडी म्हटल्यावर मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

हिने मात्र एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, गौरीच्या वेळी गावी मांडी घालून बसता येईल का?" आमचं गाव राजापूरजवळ. मोदक वळायला सगळ्या जावा पाटावर बसतात, त्यात ही पहिल्यापासून. डॉक्टर म्हणाले, "काकू, ते मटेरियलवर नाही. कप कुठल्या कोनात बसतो, स्नायू किती बळकट होतात, यावर आहे. पण खाली बसणं आणि उकिडवं बसणं यासाठी मी हा खुबा देत नाही. खुर्ची, उंच कमोड, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत. विशेषतः सुरुवातीचे महिने." कुठलंही महाग सिरॅमिक हा नियम बदलत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं ते बरं झालं. कारण काही ठिकाणी 'मांडी घालता येणारा खुबा' म्हणूनही वस्तू विकल्या जातात.

आणखी एक गोष्ट हिनेच काढली. तिला खोटे दागिने चालत नाहीत, कानात घातले की पुरळ येतं. म्हणजे निकेलची ॲलर्जी. कोबाल्ट-क्रोममध्ये थोडं निकेल असतं. आतल्या खुब्याला त्याने खरोखर त्रास होतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण सिरॅमिकचा बॉल घेतला तर तो प्रश्नच बराचसा मिटतो. ऑपरेशनच्या आधी हे सांगायला हवं, कोणी विचारो न विचारो.

शेवटी ठरलं ते असं: स्टेम आणि कप टायटॅनियमचे, सिमेंटशिवाय, कपला दोन स्क्रू, कारण वाटी उथळ. लायनर हायली क्रॉसलिंक्ड पॉली. बॉल सिरॅमिकचा, ३२. धातूच्या बॉलपेक्षा खर्च वाढला. विमा कंपनीने सिरॅमिकबद्दल पत्र पाठवून विचारणा केली. डॉक्टरांनी वय आणि ॲलर्जीचं कारण लिहून दिल्यावर मंजूर झालं. पैशांचं बोलायचं तर, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिल्या, कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर. त्या यादीत खुबा नव्हता. म्हणून खुब्याच्या बाबतीत हॉस्पिटलागणिक भाव वेगळे सांगतात, आणि म्हणूनच लेखी नाव मागायला हवं.

नाव मिळालं की काय करायचं? ब्रिटनमध्ये ओडेप नावाचं मंडळ स्टेम आणि कपना श्रेणी देतं. १०ए, १३ए, १५ए अशी. आकडा म्हणजे किती वर्षांचा पुरावा, अक्षर म्हणजे तो पुरावा किती भक्कम. पुढे तारा असेल तर आणखी चांगलं. हे कोणालाही फुकट पाहता येतं. आमच्या मुलीने मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून दिलं. डॉक्टरांनी सुचवलेल्या स्टेमला १५ वर्षांची श्रेणी होती. एका दुसऱ्या, जास्त महाग मॉडेलला तीनच वर्षांची. मी पंधरावाला घेतला.

आणि सगळ्यांनी हेच घ्यावं असं मुळीच नाही. माझी ताई सत्त्याहत्तराव्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. हाड ठिसूळ. तिला सिमेंटचा गुळगुळीत स्टेम आणि धातूचा बॉल बसवला. कमी खर्चाचं, पन्नास वर्षांहून जुनं तंत्र. सिमेंट चिकटवत नाही, हाड आणि धातूमधली पोकळी भरून घट्ट धरतं, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पूर्ण भार टाकून उभी राहिली. तिच्या हाडात सिमेंटशिवायचा दांडा ठोकला असता तर हाड तडकायची भीती होती. तिला 'प्रीमियम' रकाना देणं चुकीचंच ठरलं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी वॉर्डमधल्या सिस्टरांकडे एकच वस्तू मागितली: इम्प्लांटचे स्टिकर. प्रत्येक भागाच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात, कंपनी, माप, मटेरियल आणि लॉट नंबर लिहिलेले. एक संच हॉस्पिटलच्या केसपेपरवर जातो, एक रुग्णाला मिळायला हवा. आमचे चार आहेत, स्टेम, कप, लायनर, बॉल. डिस्चार्ज कार्डाच्या मागे लावून घेतले, झेरॉक्स काढल्या, फोटो मुलीच्या फोनमध्ये ठेवला. उद्या कुठला लॉट परत मागवला तर आम्हाला पत्ता शोधत कोणी यायला नको, आमचं आम्हाला कळेल.

ही आता काठीशिवाय जिना चढते, दोन्ही पाय आळीपाळीने. गौरीला राजापूरला गेलो तेव्हा पुतण्याने ओटीवर उंच टेबल मांडलं होतं. ही खुर्चीत बसून मोदक वळत होती, आणि थोड्या वेळाने दोन जावाही पाटावरून उठून टेबलाशी आल्या. त्यांचेही गुडघे दुखतातच. दरवर्षी एक एक्स-रे काढायचा आहे. त्यात बॉल लायनरच्या मध्यावर आहे की वर सरकलाय ते दिसतं, आणि झीज तिथे मोजता येते. पहिला एक्स-रे मी जपून ठेवलाय, पुढचे त्याच्याशी ताडून बघायला.

शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंच्या मुलाचं ऑपरेशन ठरतंय, वय एकेचाळीस. त्यांनाही असाच तीन रकान्यांचा कागद मिळालाय. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. चार ओळी लिहून दिल्या आहेत: स्टेम कुठलं, सिमेंट की बिनसिमेंट. कप कुठला, किती मापाचा. लायनर कशाचा. बॉल कशाचा, किती मिलिमीटरचा. प्रत्येकापुढे मॉडेलचं नाव लिहून घ्यायला जागा सोडली आहे.